चिमाचं बॉनेट

चिमाला कोणी नाही म्हटलं, की आधी तिची उजवी भुवई वर जाते आणि तोंड मागाहून उघडतं. कुवारबावला नितेशचं वॉशिंग सेंटर आहे, तिथे ही भुवई सगळ्यांच्या चांगल्या ओळखीची. चौदा वर्षं चिमा तिथे गाड्या धुते आहे. रत्नागिरीतल्या निम्म्या गाड्यांच्या सीटखाली काय काय सापडतं हे तिला ठाऊक आहे, पण ते ती कोणाला सांगत नाही. तेवढं एक सोडलं तर बाकी सगळं ती तोंडावर सांगते.

वय सेहेचाळीस. नवरा गंगाराम मुंबईला एका सोसायटीत वॉचमन. गणपतीला आणि शिमग्याला येतो, उरलेलं वर्ष फोनवरून ‘जमवून घे’ म्हणून सांगतो. चिमाला जमवून घेणं सोडून बाकी सगळं जमतं. पूर्वी ती काजूच्या फॅक्टरीत होती. तिथला मुकादम बायकांना ‘ए’ अशी हाक मारायचा. चिमाने त्याला तीन दिवस ‘ए’ अशीच हाक मारली. चौथ्या दिवशी तिला घरी बसवलं, आणि महिन्याभराने ती नितेशकडे पाइप हातात घेऊन उभी राहिली.

काजूच्या तेलाने हाताची कातडी आधीच खाल्लेली, त्यावर चौदा वर्षं साबणाचं पाणी. बोटांना अशा भेगा पडल्या की भाकरी थापताना पिठाला रक्त लागायचं. कातडीच्या डॉक्टरणीने दोन महिन्यांपूर्वी स्पष्टच सांगितलं, की साबण आणि पाणी सोडा, नाहीतर अजून वर्षाने ही बोटं मिटणार नाहीत. चिमाने औषध आणलं, डॉक्टरणीला चार शब्द मनातल्या मनात सुनावले आणि दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्याहून मासे येतात त्या पातळ पिशव्या हातात चढवून, मनगटाला रबर लावून कामाला लागली. एका गिऱ्हाइकाने गाडीला बांगड्याचा वास येतो अशी तक्रार केली. तेव्हापासून पिशवी ती दोन पाण्यांनी धुऊन, उलटी करून घालते.

दिवाळी झाली आणि नितेशने एक मोठं खोकं आणलं. आत पॉलिशचं मशीन होतं, दोन रंगांचे स्पंजचे पॅड होते आणि मेणाचे डबे. गाडीचा रंग घासून आरशासारखा करायचा आणि वर मेण चढवायचं, असं ते काम. शेडच्या उजव्या अंगाला नितेशने एक कोपरा पडदा लावून वेगळा केला. चिमा तो कोपरा दिवसातून दहा वेळा बघून आली. कोरडी जमीन, पंखा, आणि साबणाचा थेंब नाही. तिच्या बोटांना जगायचं असेल तर त्यांची जागा तीच होती.

“रविवारी एमआयडीसीत गाडीवाल्यांच्या ग्रुपचा मेळावा आहे,” नितेशने सगळ्यांना सांगितलं. “कोल्हापूरहून समर्थ म्हणून एक जण येतोय, पॉलिश आणि वॅक्सिंग शिकवायला. बाबल्या जाईल, माझी गाडी घेऊन. जो शिकून येईल त्याला हा कोपरा.”

बाबल्या म्हणजे नितेशच्या मावशीचा मुलगा. पंचवीस वर्षांचा, कामाला वाईट नाही, पण पाऊण लक्ष केसांत.

“आणि मी?” चिमाने विचारलं.

“तू काय करणार तिथे? टेक्निकल काम आहे ते. तू पाण्याची माणूस.”

भुवई वर गेली. तोंड मात्र उघडलं नाही. नितेशला वाटलं, विषय संपला. चौदा वर्षं सोबत काढूनही माणसाला माणूस कळत नाही तो असा.

त्याच दुपारी तिने ग्रुपच्या ओमकारला फोन लावला. नंबर सेंटरच्या भिंतीवरच्या पत्रकावर होता. ओमकारने नाव लिहून घेतलं आणि सांगितलं, की शिकणाऱ्याने सरावासाठी स्वतःची गाडी आणायची, तेवढी एकच अट.

“कोणती गाडी आहे?”

“मारुती.”

“रंग?”

“लाल.”

यात खोटं काही नव्हतं. सेंटरच्या मागे एका अपघातातल्या जुन्या मारुतीचं लाल बॉनेट सात वर्षं पडून होतं. बाकीची मारुती केव्हाच भंगारात गेली होती. या पत्र्याखाली शेजारच्या काशीरामची कोंबडी अंडी घालायची. चिमाने कोंबडीला टोपलीखाली बसवलं, बॉनेट उचललं, नितेशला विचारलं, “हा पत्रा नेऊ काय घरी?” आणि तो हो म्हणाला. त्याला वाटलं, न्हाणीच्या आडोशाला नेत असेल.

रविवारी सकाळी तिचा भाऊ बाबू रिक्षा घेऊन आला. टपावर बॉनेट बांधताना तो चार वेळा इकडेतिकडे बघून घेत होता.

“ताय, लोक काय बोलतील गो?”

“रोज काय बोलतात ते तरी तुला म्हायत हाय काय? आवळ दोरी.”

एमआयडीसीतल्या एका बंद गोदामाच्या आवारात मंडप घातला होता. अकरा गाड्या ओळीने उभ्या होत्या, सगळ्या धुऊनपुसून आणलेल्या, नवऱ्या मुलासारख्या. त्यांच्यात रिक्षा शिरली, टपावर लाल पत्रा. ओमकार हातातला कागद घेऊन पुढे आला. रेल्वेतला नोकरदार, सभ्य माणूस, पण अट म्हणजे अट असं मानणारा.

“ताई, गाडी कुठाय?”

“ही काय.”

“हे बॉनेट आहे.”

“आज शिकवणार ते यालाच ना? इंजिन शिकवणार असाल तर तसा सांगा, घरी जाते.”

चारपाच जण हसले. बाबल्या तिथेच नितेशच्या पांढऱ्या गाडीला टेकून उभा होता. त्याने मान फिरवली, ओळख नसल्यासारखी. ओमकार म्हणाला, की अटीत गाडी लिहिलीय. चिमा म्हणाली, की गाडी घ्यायची ऐपत असती तर मी ती दुसऱ्याकडून धुऊन घेतली असती. ओमकार पुन्हा हातातला कागद वाचायला लागला. तेवढ्यात मागून समर्थ आला. तिशीतला, काळा एप्रन, हाताला पॉलिशचे पांढरे डाग.

“मी प्रत्येक ठिकाणी सांगतो, भंगारातलं एखादं बॉनेट आणा, पहिल्या चुका त्यावर करा,” तो म्हणाला. “आजवर एकानेही आणलेलं नाही. ठेवा यांचं, त्या टोकाला.”

ते टोक उन्हात होतं. शिकवायला सुरुवात करताना समर्थने पहिलंच सांगितलं, की पॉलिश आणि मेण कधी उन्हात लावायचं नाही, पत्रा तापलेला चालत नाही. चिमाने ऐकलं, बॉनेट उचललं, बाबूने आणलेल्या दोन स्टुलांसकट मंडपात मधोमध नेऊन मांडलं आणि बाजूच्या गाडीवाल्याला म्हणाली, “जरा सरका.” तो सरकला.

आधी धुणं झालं. इथे तिला कोण शिकवणार होतं! मग समर्थ म्हणाला, धुतलेली गाडी स्वच्छ असते असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. सगळे हात वर गेले, चिमाचा सोडून.

“तुम्हाला नाही वाटत?”

“नाय. जांभ्याची धूळ धुतली तरी जात नाय. रंगात रुतून बसते. नुसत्या हाताला लागत नाय, पण पिशवी घातली की कळते.”

तिने कमरेला खोचलेली पातळ पिशवी काढली, हातात चढवली आणि बॉनेटवरून हलकेच बोटं फिरवली. पातळ प्लॅस्टिकखाली खर लागत होती, रवा सांडलेल्या ओट्यासारखी. समर्थने वाकून तिची बोटं बघितली. मग त्याने आपल्या बॅगेतून पिशव्यांचा गठ्ठा काढला. तोही हेच शिकवणार होता.

“हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

“साबणाने,” चिमा म्हणाली.

मग अकरा गाडीवाल्यांनी पिशव्या चढवल्या आणि आपापल्या लाडक्या गाडीवर हात फिरवला. प्रत्येकाच्या बोटांना तीच खर लागली. ही खर काढायला समर्थने मऊ चिकणमातीसारखे गोळे दिले. पत्र्यावर फवारा मारायचा आणि गोळा अलगद फिरवायचा, तो रुतलेली धूळ उचलून घेतो. चिमाचा पांढरा गोळा बघता बघता विटकरी झाला.

त्यानंतर समर्थने बॅटरी पेटवली आणि मनस्वी मॅडमच्या काळ्या गाडीवर तिरका उजेड धरला. मनस्वी बँकेत अधिकारी, ग्रुपमधली एकटी बाई. उजेडात काळ्या रंगावर बारीक गोल गोल ओरखड्यांची जाळीच्या जाळी दिसली, बॉनेटपासून डिकीपर्यंत. मनस्वीचा चेहरा उतरला.

“ही जाळी कोरड्या फडक्याने होते,” समर्थ म्हणाला. “धूळ असताना गोल गोल पुसलं, की धूळच रंग कापते.”

“अहो, आमचे आप्पा रोज सकाळी पुसतात,” मनस्वी म्हणाली. आप्पा म्हणजे तिचे सासरे. “धोतराचं मऊ फडकं घेऊन. देवपूजा झाली की गाडी.”

आता लोक बोलायला लागले. सगळ्यांचं तेच होतं. रत्नागिरीत लाल धूळ रोज बसते आणि रोज सकाळी घरचं कोणीतरी प्रेमाने ती कोरड्या फडक्याने गोल गोल पुसतं. मुंबई-पुण्याची माणसं आठवड्याने गाडी धुतात. आमच्याकडे गाडीला देवासारखं जपतात आणि त्या जपण्यानेच तिची साल काढतात. समर्थने हसू दाबलं, पण दाबलेलं दिसलं.

चिमा मात्र हसत नव्हती. ती त्या काळ्या गाडीकडे बघत होती. मडगार्डवरची जाळी तिला ओळखीची वाटत होती. गोल, मोठे, डावीकडून उजवीकडे जाणारे फेरे. आप्पांचा हात एवढा मोठा फिरणार नव्हता. तिने हवेत आपला हात फिरवून पाहिला. फेरा तोच होता. दर पंधरवड्याला ही गाडी नितेशकडे येते. धुतल्यावर पुसायची घाई, फडकं तेच धुळीचं, पिळायचं आणि पुन्हा फिरवायचं. चौदा वर्षं. रत्नागिरीतल्या किती गाड्यांवर तिने आपल्या हाताने ही जाळी विणली होती त्याचा हिशेब नव्हता.

गप्प राहिली असती तर कोणाला कळलं नसतं. तिथे बाबल्याही होता, त्याचेही फेरे असतीलच, आणि तो छताकडे बघत होता.

“मॅडम,” चिमा म्हणाली, “आप्पांना नावं नका ठेवू. यातली निम्मी जाळी माझी हाय. तुमची गाडी मीच पुसते.”

मनस्वीने जाळीवरून बोट फिरवलं. चिमाची कानशिलं तापली, लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ राग आला. राग कोणाचा ते तिला नीट सांगता आलं नसतं. चौदा वर्षांत एकाने तरी सांगायचं होतं ना, की बाई, सरळ पूस. टेक्निकल म्हणून जे बाजूला ठेवलं होतं ते एवढंसं होतं.

“काढता येते काय ही?” तिने समर्थला विचारलं.

“येते. पण हात शांत पाहिजे.”

“मग शिकवा.”

समर्थने तिला मशीन दिलं आणि पहिली आज्ञा केली ती विचित्रच. म्हणाला, बॉनेटचा डावा कोपरा मुद्दाम जाळा. पत्रा जिथे वळतो तिथे रंग सगळ्यात पातळ असतो. तिथे मशीन टेकवून धरा आणि काय होतं ते बघा. चिमाने टेकवलं. आधी मशीनचा आवाज जाडा झाला, मग पत्रा तापला, मग एक कडवट वास आला, आणि रंग गेला. खालचा राखाडी थर उघडा पडला. “हा वास विसरू नका,” समर्थ म्हणाला. ती विसरणार नव्हती. काजूच्या भट्टीपासून तिचं नाक तयार होतं.

मग कडांना चिकटपट्टी लावली. बॉनेटच्या मधोमधही एक सरळ पट्टी मारली, म्हणजे अर्धं करायचं आणि अर्धं तसंच ठेवायचं. हातभर जागा घ्यायची, मशीन आडवं न्यायचं, मग उभं, घाई नाही, जोर नाही. पॅड लाल झाला तेव्हा ती दचकली. समर्थने समजावलं, की जुन्या गाडीला वरचा पारदर्शक थर नसतो, मेलेला रंग निघतोय, जिवंत खाली आहे. तासाभराने तिने पॉलिश पुसलं, सरळ रेषेत. वर मेणाचा पातळ हात दिला, तो धुरकट होईपर्यंत थांबली, बोटाने तपासला, आणि नव्या फडक्याने उतरवला. पट्टी काढली. उजवं अंग सात वर्षांच्या कोंबड्यांचं आणि पावसाचं, विटकं, गुलाबी पडलेलं. डावं अंग लालबुंद. त्यात मंडपाची झालर दिसत होती. बाबू जवळ येऊन बघून गेला, मग पुन्हा येऊन बघून गेला. त्याला आता लोक काय बोलतील याची काळजी उरली नव्हती.

तेवढ्यात तिला तो वास आला.

बाबल्या नितेशच्या पांढऱ्या गाडीच्या दारावर वाकला होता. चिकटपट्टी लावलेली नव्हती, आणि मशीन दाराच्या घडीवर, पत्रा वळतो तिथेच, टेकलेलं.

“बाबल्या, उचल!” चिमा ओरडली.

“तू पाणी बघ गो तुझा,” तो मान न वळवता म्हणाला. आणि दाराच्या घडीवर रुपयाएवढा राखाडी डाग उमटला.

नितेश नेमका त्याच वेळी गाडी न्यायला आला. त्याने आधी दार बघितलं, मग बाबल्याला, मग चिमाला. ती तिथे कशी हा प्रश्न त्याच्या डोळ्यांत होता, पण बाबल्याने तोंड उघडलं. “ही मोठ्यान ओरडली, म्हणून हात हलला.”

“तुला इथे बोलावलं कोणी?” नितेश तिच्यावर खेकसला. अकरा गाडीवाले ऐकत होते.

“माझी मी आलंय. हे बघा,” चिमाने त्याला हाताला धरून बॉनेटपाशी नेलं. “हा कोपरा मी पण जाळलाय. पण भंगारात जाळलाय, दुसऱ्याच्या दारात नाय. आणि हे बाकीचा बघा, मग काय ते बोला.”

नितेशने बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं आणि गाडी घेऊन निघून गेला.

सोमवारी तो शहाणपणाने बोलला, आणि ते शहाणपण रागाहून वाईट होतं. “चिमा, तुझा हात चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. असं करू. सकाळी पाणी मार, दुपारी पडद्यामागे मशीन चालव. गिऱ्हाइकांशी बाबल्या बोलेल. एवढी महाग गाडी, बाईच्या हातात मशीन दिसलं की लोक बिचकतात. नाव त्याचं असू दे, काम तू कर.”

चिमाने पिशव्या काढल्या. आतली बोटं त्याच्यासमोर धरली, भेगा पडलेली, सुजलेली.

“ही बोटं तुमच्या पाण्यात गेली, नितेशशेठ. उरलेली पडद्यामागे घालवायची नायत. मशीन असेल तर उघड्यावर, माझ्या नावान. नायतर मी चालली.”

तो म्हणाला, विचार कर. ती म्हणाली, केला. आणि ती खरंच निघून गेली. दोन दिवस घरी बसली. सोमवारी रात्री गंगारामने फोनवर ‘जमवून घे’ म्हणायच्या आत तिने फोन ठेवला. बॉनेट अंगणात तुळशीशेजारी उभं केलं. मनातून ती घाबरलेली होती, उगाच कशाला खोटं सांगा. बाबूची रिक्षा आणि गंगारामचा पगार, यांवर घर किती ताणेल हे तिला कळत होतं. पण सकाळी बोटांना साबण लागला नाही, आणि दोन दिवसांत सगळ्यात खोल भेग मिटायला लागली. ती बोट वाकवून वाकवून बघत होती.

बुधवारी नितेशचा फोन आला. मनस्वी मॅडम काळी गाडी घेऊन सेंटरवर बसल्या होत्या. बाबल्याला त्यांनी गाडीजवळ येऊ दिलं नव्हतं. म्हणाल्या, जाळी जिची आहे तिनेच काढायची, आणि मी बघत इथेच बसणार.

चिमा गेली, पण पायी नाही. बाबूच्या रिक्षातून, टपावर बॉनेट बांधून. सेंटरवर उतरली, बॉनेट घेतलं आणि उजव्या अंगाच्या कोपऱ्यात, रस्त्यावरून दिसेल असं खिळ्याला टांगलं. अर्धं विटकं, अर्धं लालबुंद. मग तिने तो पडदा दोन्ही हातांनी ओढून काढला आणि घडी करून खुर्चीवर ठेवला. नितेश नळापाशी जाऊन उभा राहिला. मनस्वी मॅडम खुर्ची सरकवून बसल्या, त्यांच्यासोबत आलेले आप्पा उभेच होते, हातात सवयीने फडकं.

गाडीवर रस्त्याची लाल धूळ होती. ती आधी धुवायला हवी होती. बाबल्या आत काच पुसत होता, बाहेर यायचं नाव काढत नव्हता. नितेशने नळ सोडला, आणि चौदा वर्षांच्या सवयीने पाइप चिमासमोर धरला.

चिमाने तो हातात घेतला. क्षणभर सगळ्यांना वाटलं, झालं. मग तिने पाइप उलटा करून त्याच्याच हातात दिला.

“पाणी तुमी मारा, शेठ. मी मशीनला हाय.”

नितेशने मॅडमकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, खिळ्यावरच्या बॉनेटकडे पाहिलं. मग पँटचे पाय दुमडले आणि पाणी मारलं. चिमा कोरड्या जमिनीवर उभी राहून पॅड बसवत होती. पाणी मारून झालं, त्याने फडकं पिळलं, काळ्या गाडीच्या बॉनेटवर टाकलं आणि हात फिरवायला सुरुवात केली.

“गोल नको,” चिमा म्हणाली. “सरळ.”